मधे उठायचं नाही

स्वयंपाकघरात वाटी पडली. फरशीवर गरगरली आणि थांबली. दाराआड तिने फोनवरचा टायमर थांबवला, पेन्सिल कानामागे खोचली आणि बाहेर आली. फारसं काही नव्हतं. तिच्या लेकीने, गुंडीने, दूध सांडलं होतं, आणि तिची आई वाकून पुसत होती.

"तू कशाला उठलीस? मी काय शोभेला बसलेय इथे?" आई म्हणाली.

ती परत जाऊन बसली, टायमर सुरू केला आणि अर्धवट राहिलेला उतारा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तिच्या सराव परीक्षा अशाच चालायच्या. जिथून उठायची तिथे समासात बारीक रेघ ओढून ठेवायची, परत आल्यावर जागा सापडावी म्हणून. गुण मात्र छान पडत होते.

प्रवेश परीक्षा देऊन कायद्याच्या कॉलेजात जागा याच वर्षी मिळायला हवी होती. फारकतीच्या वेळी ज्यांनी तिचा खटला लढवला, त्या वकीलबाईंकडेच ती आता टायपिंग करत होती, आणि हे खूळ बाईंनीच तिच्या डोक्यात भरवलं होतं. आईने तर सांगूनच ठेवलं होतं, माझे हातपाय चालताहेत तोवर शिकून घे, पुढे पोर सांभाळायला कुणी मिळायचं नाही.

एकदा दुपारच्या सुट्टीत तिने सोडवलेले पेपर बाईंपुढे ठेवले. गुण पाहून बाईंनी मान डोलावली, मग विचारलं, हे सगळं वेळेत ना? टायमर थांबवायची गोष्ट तिने सांगून टाकली.

"म्हणजे हॉलमध्ये तुझ्या लेकीने दूध सांडलं, की बाकीच्यांनी हात वर करून बसायचं?"

तीही हसली. पण बाईंचं बोट समासातल्या एका रेघेवर होतं. मग दुसऱ्या रेघेवर गेलं, मग तिसऱ्या. चुकलेली उत्तरं बहुतेक त्या रेघांच्या लगेच खाली होती. उठून आल्यावर धागा तुटलेला असायचा, आणि तो जुळायच्या आत ती उत्तर ठोकून मोकळी होत होती. इतके पेपर सोडवले, पण तिने चुका कधी अशा पाहिल्याच नव्हत्या. बेरीज करायची आणि पुढचा पेपर उघडायचा.

बाईंनी मग सरळ सांगितलं. परीक्षा ज्या वेळेला असते त्याच वेळेला बसायचं, सकाळी. एका बैठकीत, मधे उठायचं नाही. नंतर चुकलेल्या एकेका प्रश्नापाशी थांबायचं, वाचताना चुकलं, विचार करताना चुकलं, की मुळात माहीतच नव्हतं. आणि ज्या पेपरची उत्तरं पाठ झालीत तो पुन्हा सोडवून स्वतःचं समाधान करून घ्यायचं नाही.

रविवारी सकाळी तिने गुंडीला मांडीवर घेऊन समजावलं. फोन वाजेपर्यंत आईला हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही.

"तहान लागली तर?"

"आजी."

"शू लागली तर?"

"आजी."

"खूप खूप रडू आलं तर?"

"तरी आजी. आई तेव्हा घरात नसतेच, असं समजायचं."

गुंडीने मान हलवली. आजी म्हणाली, घ्या, वकील व्हायच्या आधीच घरात कोर्ट भरलं. पण पोरीने शब्द पाळला. पहिल्या रविवारी ती दाराबाहेर नुसती घुटमळली, पुढच्या रविवारी तेवढंही नाही. टायमर वाजला की ती पोरीला उचलून घ्यायची, शहाणी गं माझी बाय ती, म्हणायची, आणि गुंडी फुगून टम्म व्हायची. गुण आधी धाडकन खाली आले. मग हळूहळू, पण खरेखुरे, चढू लागले.

एका रविवारी पेपर छान जमत होता. उतारे उलगडत होते, तर्काचे प्रश्न एकामागून एक सुटत होते. मधेच बाहेर काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. तिची पेन्सिल थांबली. कान टवकारले. रडणं नाही, हाक नाही. आई आहे बाहेर, असं मनाशी म्हणून तिने नजर पुन्हा ओळीवर आणली.

फोन वाजला तेव्हा एकही प्रश्न राहिला नव्हता. तिने हसतच दार उघडलं. गुंडी उंबऱ्याला टेकून बसली होती, दोन्ही हात तोंडावर दाबून.

"वाजलं ना? आता बोलू?"

"बोल की, राणी."

"आजी खाली झोपलीय. उठतच नाही. मी तिला पांघरूण घातलं."

दवाखान्यात डॉक्टर वाईट बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, कधी पडल्या? तिला सांगता येईना. मेंदूतला रक्तपुरवठा अडला होता, ते म्हणाले. जीव वाचेल, पण उजवी बाजू आणि बोलणं परत येईल असं सांगता येत नाही. थोडं आधी आणलं असतं तर, असं म्हणून ते थांबले, कारण त्यांचं लक्ष तिच्या कडेवरच्या पोरीकडे गेलं.

संध्याकाळी वकीलबाई आल्या, डबा ठेवून गेल्या. परीक्षेचं नाव त्यांनी काढलं नाही, तिनेही नाही. आईचा डावा हात चादरीवर चाचपडत होता. तिने तो धरला, तेव्हा आईने ओळखीचं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला आणि नुसता घोगरा आवाज निघाला. ती वाकून पुन्हा पुन्हा विचारत राहिली, काय हवंय आई, काय हवंय.

बाहेरच्या बाकावर गुंडी केव्हापासून एकटी बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं तरी गप्प. तिने जवळ बसून पोरीच्या पायांतले उलटे घातलेले बूट काढले, गार पडलेली पावलं ओंजळीत धरली. शहाणी गं माझी, हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले.

गुंडीने तिच्याकडे पाहिलं.

"आई, मी हाक मारली असती तर तू दार उघडलं असतंस?"