अंगणातली उपासना

रत्नदीपने फाटक आधी ढकललं, मग ओढलं, आणि शेवटी साखळीला लटकलेलं कुलूप हातात घेऊन पाहिलं. आत चर्चची इमारत पायापासून कळसापर्यंत हिरव्या जाळीत गुंडाळलेली होती.

"इथंच ना?" कमलाबाईंनी विचारलं.

"इथंच. रंगकाम काढलेलं दिसतंय."

"दिसतंय म्हणजे? मागच्या रविवारी नव्हतं?"

रत्नदीपने खिशातून फोन काढला आणि उगाच त्यात पाहत राहिला. त्याची बायको एकता लेकीच्या केसातली पिन काढून पुन्हा तिथेच लावू लागली. त्याची आई कमलाबाई गुरुवारी भोकरवाडीहून सिंगापूरला आल्या होत्या. नगर जिल्ह्यातलं ते गाव सोडून त्या याआधी पुण्याच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. पण विमानातून उतरल्यावर पहिला प्रश्न त्यांनी विचारला होता तो हाच, की तुमचं देऊळ घरापासून किती लांब आहे? चर्चला त्या देऊळच म्हणत. त्यांच्या गावातले सगळेच ख्रिस्ती तसं म्हणत.

"पपा, म्युझिक फ्रॉम दॅट साइड, लाह," राणी सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि बाजूच्या गल्लीकडे धावली.

इमारतीच्या मागच्या बाजूला मोठं अंगण होतं. विलायती शिरीषाच्या एका विशाल झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, चार कोपऱ्यांत उभे पंखे घरघरत होते, आणि पांढरं कापड अंथरलेल्या साध्या टेबलावर क्रूस ठेवला होता. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. जूनची सुट्टी लागली की निम्मं सिंगापूर बाहेरगावी जातं.

फुलाफुलांच्या ब्लाउजमधली एक सडपातळ चिनी म्हातारी लगबगीने पुढे आली. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती, रोझी.

"गुड मॉर्निंग! फर्स्ट टाइम हिअर, आह?"

रत्नदीपने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी कमलाबाईच बोलल्या.

"येस. फर्स्ट टाइम." आणि मग हाताने चौघांभोवती एक गोल काढून त्यांनी शांतपणे भर घातली, "ऑल."

रोझी आंटीने चौघांच्या छातीवर 'वेलकम'चे पिवळे स्टिकर चिकटवले. कमलाबाईंनी आपला स्टिकर नीट दिसावा म्हणून पदर मागे सारला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

उपासना इंग्रजीत होती. कमलाबाईंना शब्द कळत नव्हते, पण पुढे काय येणार हे पक्कं ठाऊक होतं. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, पापांची कबुली देणारा पापांगीकार कुठे आणि श्रद्धा जाहीर करणारा मतांगीकार कुठे, हे त्यांना लहानपणापासून पाठ होतं. त्यांच्या गावचं देऊळही याच पंथाच्या मिशनऱ्यांनी बांधलेलं. प्रभूची प्रार्थना सुरू झाली तशी त्या खणखणीत आवाजात मराठीतून म्हणू लागल्या. सगळ्यांची प्रार्थना संपली, त्यांची थोडी उरली होती. त्यांनी वेग वाढवला नाही. पाळक रेव्हरंड टॅन, पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे गृहस्थ, हात पसरून तसेच थांबले. कमलाबाईंचं 'आमेन' झालं, तेव्हाच ते पुढच्या ओळीकडे वळले.

रत्नदीपची मान खाली होती ती शेवटपर्यंत वर आली नाही.

पुंगोलच्या घरी परतल्यावर कमलाबाई बाल्कनीत लसूण सोलत बसल्या. खालून एलआरटी या छोट्या रेल्वेचा एकच डबा वळण घेत गेला. रत्नदीप दारात येऊन उभा राहिला.

"आई, मी तुला दर रविवारी फोनवर सांगायचो..."

"'चर्चला जाऊन आलो' म्हणून. हं."

"सुरुवातीला गेलो होतो गं. पाया लेबार भागातल्या ऑफिसात तेव्हा रविवारचंही काम असायचं. मग राणी झाली. मग इतके दिवस गेले, की कुठल्या तोंडाने जायचं असं वाटायला लागलं. तू विचारायचीस, आणि हो म्हणणं सोपं होतं."

कमलाबाईंनी सोललेली पाकळी वाटीत टाकली.

"पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?"

"तू रागावली नाहीस?"

"पाट आण बसायला. उभा राहून बोलू नको."

रत्नदीप पाट आणायला आत गेला. ओट्याशी एकता उभी होती.

"बोलल्या काही?"

"नाही ना. तेच तर कळत नाही. लहानपणी एक संडे स्कूल चुकवलं होतं तर संध्याकाळी जेवायला दिलं नव्हतं हिने."

"वय झालं की माणसं मऊ होतात."

"आई? आणि मऊ?" रत्नदीप म्हणाला.

पुढच्या शनिवारी कमलाबाईंनी एकताला लिटिल इंडियात नेलं. म्हणजे वाट एकताने दाखवली, पण पुढे कमलाबाई चालत होत्या. ज्वारीचं पीठ, कुळथाचं पीठ, मिरच्या, शेंगदाणे. उपासनेनंतर पातळ चहा आणि पाकिटातली बिस्किटं घेऊन लोक पाच मिनिटांत पांगतात, हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं.

"मंडळी म्हणायचं आणि एकमेकांच्या हातचं खायचं नाही? हे कसलं?"

"आई, इथे आधी विचारावं लागतं. असं एकदम डबे घेऊन जाणं..." एकता म्हणाली.

"मग विचार. मी तोवर भाकरी थापते."

रविवारी चहाच्या टेबलावर शेंगोळ्यांचं पातेलं, भाकऱ्यांची चवड आणि ठेच्याची वाटी मांडली गेली. रोझी आंटीने ठेचा चमचाभर घेऊन तोंडात टाकला. सगळे बघत राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने नाक पुसलं आणि वाटी पुन्हा पुढे केली.

"शिओक!" ती म्हणाली.

"आजी, शी सेज सुपर," राणीने सांगितलं.

"ते दिसलं मला. तिला म्हण, पुढच्या वेळी तू काहीतरी आण."

पुढच्या वेळी रोझी आंटीने नारळाच्या हिरव्या-पांढऱ्या वड्या, म्हणजे कुए आणले, एका केरळी नर्सने केळ्याचे काप, आणि रेव्हरंड टॅन यांनी स्वतः तळलेले, जरा करपलेले नूडल्स. माणसं थोडीच असल्यामुळे सगळी एका टेबलाभोवती मावली. बारा वाजले तरी कुणी उठेना. रत्नदीपकडे खुर्च्यांचं काम आलं. सकाळी मांडायच्या, नंतर रचून ठेवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा हात लावला आणि ते काम त्याचं झालं. तिसऱ्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी घरातून निघाला.

कमलाबाई जाणार त्याच्या आधीच्या रविवारी रेव्हरंड टॅन त्याच्याजवळ आले. आज मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेत तुमच्या आईच्या गावच्या मंडळीची आठवण करू या, म्हणाले. त्या मंडळीबद्दल तुम्ही दोन शब्द सांगाल का?

रत्नदीप उठला. सुरुवातीला चाचरला, मग त्याला लय सापडली. त्याने सांगितलं की भोकरवाडीच्या देवळावर पत्रे आहेत आणि मे महिन्यात आत बसवत नाही. म्हणून पाऊस जोर धरेपर्यंत उपासना बाहेर, कडुलिंबाच्या झाडाखाली होते, अगदी अशीच. पाळक एक आणि गावं अनेक, त्यामुळे ते महिन्यातून एकदा येतात. एरवी गावातलंच कुणीतरी शास्त्र वाचतं. त्याचे वडील सुरेशराव झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा बडवत आणि शेतातून, वस्तीवरून लोक पाय धुऊन येत. वडील चार वर्षांपूर्वी गेले.

"पण मंडळी आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "आई मला दर रविवारी सांगते. आजही ते सगळे त्या झाडाखाली बसले असतील."

रोझी आंटी डोळे टिपत होती. कमलाबाई नातीकडे झुकल्या.

"काय म्हणाला?"

"ही सेड, आजोबा बेल वाजवायचे. अँड आज पण सगळे लोक तिथे सिटिंग, अंडर द ट्री."

"आज पण?"

"हो. तू सांगते ना त्याला."

कमलाबाई सरळ बसल्या आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. त्या दिवशी प्रभूच्या प्रार्थनेत त्यांचा आवाज नेहमीसारखा वर चढला नाही.

खाणं सुरू झालं तेव्हा रेव्हरंड टॅन यांना कल्पना सुचली. भारतात आत्ता सकाळच असणार. व्हिडिओ कॉल करू या का? या झाडाखालून त्या झाडाखाली नमस्कार! टेबलाभोवतीचे सगळे एकदम 'हो' म्हणाले. रत्नदीपने शैलेंद्रला फोन लावला. शैलेंद्र शेजारच्या वस्तीवर राहायचा आणि देवळाची किल्ली त्याच्याकडे असायची.

"रतन, थांब जरा," कमलाबाई म्हणाल्या.

पण शैलेंद्रचा चेहरा पडद्यावर आला होता. तोंडात दातवण, खांद्यावर टॉवेल.

"जय ख्रिस्त, दादा! आज कशी काय आठवण?"

"जय ख्रिस्त! जमली का रे मंडळी? दाखव सगळ्यांना. इथली मंडळी सलाम सांगतेय."

"मंडळी?" शैलेंद्रने दातवण तोंडातून काढलं. "कुणाची मंडळी?"

"रविवार आहे ना आज?"

शैलेंद्रची नजर पडद्यावर इकडेतिकडे फिरली. "काकू आहेत का तिथं?"

कमलाबाईंनी हात पुढे करून फोन घेतला.

"शैलेंद्र, किल्ली घे. देऊळ उघड."

"काकू, उघडू?"

"उघड म्हणते ना."

पडदा हलला. लिंबाचं झाड दिसलं, त्याखालचं रिकामं, गवत माजलेलं अंगण दिसलं. कुलूप निघालं, दार करकरलं, आणि फोन आत वळला. भिंतीपासून भिंतीपर्यंत, दारापासून थेट वेदीच्या कठड्यापर्यंत कांदे पसरले होते. गुलाबी, सुके, कमरेइतक्या उंचीचा ढीग. बाकं एकावर एक रचून कोपऱ्यात सारली होती. दोन्हीकडच्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

"वाह, सो मेनी अनियन्स!" रोझी आंटी म्हणाली.

"हार्वेस्ट थँक्सगिव्हिंग?" रेव्हरंड टॅन यांनी कौतुकाने विचारलं.

रत्नदीपच्या कपाळावरची शीर उठली होती.

"शैलेंद्र! देवळात कांदे कुणी भरले? कुणाचे आहेत?"

पडद्यावर नुसते कांदे दिसत राहिले.

"आपले," कमलाबाई म्हणाल्या.

रत्नदीप आईकडे बघत राहिला.

"वळवाच्या वादळात कांदाचाळीचे पत्रे उडाले. एवढा माल भिजवायचा? देऊळ रिकामंच होतं. कोण येतंय? तुझे वडील गेले, मग म्हातारे दोघं गेले, पोरं चाकणला गेली. मी वाचायला उभी राहायचे, तर समोर एकटा शैलेंद्र. त्याचंही लक्ष गाईकडे. मग एका रविवारी मीपण नाही उघडलं."

"आणि मला सांगायचीस, देवळात जाऊन आले."

"जायचेच की. रोज जायचे. कांदे खालीवर करायला. तू इतकं आशेनं विचारायचास रे. म्हटलं, लेकरू परदेशात राहून नेमानं जातंय, त्याला कशाला सांगा."

एकताने तोंडावर हात धरला. तिला हसू येत होतं की दुसरं काही, ते रत्नदीपला कळलं नाही. तो खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसला. टेबलाभोवतीची माणसं कांद्यांकडे आणि मग या मायलेकांकडे पाहत होती.

"काकू, ठेवू का फोन?" शैलेंद्रने विचारलं.

"ठेवू नको. ऐक." कमलाबाईंचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. "मी शुक्रवारी पोचते. शनिवारी सगळा माल तिथून काढायचा. माझ्या घराची पुढची खोली मोकळी करू, तिथं टाकू. मी मागं चुलीपाशी झोपेन. बाकं धुवायची, अंगणातलं गवत काढायचं. रविवारी उपासना."

"पण काकू, पाळकसाहेबांची पाळी तर..."

"ते येतील तेव्हा येतील. वाचायला मी आहे."

"वाचाल हो तुम्ही. पण ऐकायला माणसं कुठून आणायची?"

कमलाबाईंनी पडद्यावरच्या ढिगाकडे पाहिलं, पार कठड्यापर्यंत.

"एवढे कांदे उचलायला किती माणसं लागतील?"

शैलेंद्रने मनाशी अंदाज घेतला. "दहा-बारा तरी लागतील, काकू."

"मग तेवढी बसतील."