उजव्या नाकपुडीतलं औषध

विश्वजितचं बोट त्याच्या बायकोनं चावून तोडलं. छे, तसं काहीच झालेलं नाही. घर सुशिक्षित आहे, गारखेड्यासारख्या शहरी वस्तीत आहे. अशा घरांत बोटं जागच्या जागी असतात. तेव्हा पोह्यांपासून सुरू करू.

त्याची बायको मनस्विनी पोहे परतत होती. तिला तिसरा महिना होता. औषधनिर्माण महाविद्यालयात गाभण उंदरिणींवर जडीबुटीचे अर्क तपासायचे, ही तिची नोकरी. तेवढ्यात सासूबाई, दमयंतीबाई, गंगापूरहून आणलेली पुडी दुधात कालवून आल्या.

"वेलीच्या बिया आहेत. गोऱ्हा झालेल्या गायीचं दूध. उजव्या नाकपुडीत सोडायचं, मुलगाच होतो. लई गुण आहे."

"आणि डावीत सोडलं तर?"

"तर तुझ्यासारखी होते."

पुडीत उरलेल्या बिया मनस्विनीनं ओळखल्या. यांचाच अर्क तिनं गेल्या महिन्यात उंदरिणींना दिला होता. पिंजरे रक्तानं भरले. पिलं मेलेली बाहेर आली, मागोमाग आयाही गेल्या.

"आई, उंदरिणी मेल्या हो ह्यानं!"

"उंदरांना कुठं वंशाचा दिवा पाहिजे असतो?"

मनस्विनीनं पोह्यांखालचा गॅस बंद केला.

विश्वजित पेपरची घडी घालून उठला. "मनू, घे ना गुमान. आईचं मन राहील."

"नाही घेणार."

त्यानं थोबाडीत दिली. तिचं डोकं ओट्यावर आपटलं, भुवई फुटली. केस धरून त्यानं मान मागं वाकवली आणि पंजा तिच्या तोंडावर दाबला, म्हणजे श्वास नाकानंच घ्यावा लागेल. तो एमटेक आहे. औषध पूर्वेकडं तोंड करूनच द्यायचं असतं म्हणून दमयंतीबाईंनी मोबाईलवर पूर्व दिशा शोधली, दोघांना तसंच ओढत तिकडं वळवलं आणि चमचा नाकपुडीत खुपसला.

ओढाताणीत तोंडात शिरलेल्या विश्वजितच्या बोटावर मनस्विनीनं दात मिटले. हाड कडकन वाजलं. दूध सांडलं, भिंत लाल झाली, विश्वजित गुरासारखा ओरडू लागला.

"अगं, गिळलंस की काय!" सासूबाई किंचाळल्या.

"थुंकले. असलं काही मला आता चालत नाही."

भुवईवर रुमाल बांधून ती रिक्षानं महाविद्यालयात गेली आणि तिनं अर्ज लिहिला:

"मा. अध्यक्ष, प्राणी नैतिकता समिती. विषय: सुनांचा उंदरांत समावेश करणेबाबत. महोदय, उंदराला थेंबभर अर्क पाजायचा तरी आपली लेखी परवानगी लागते, आणि त्याला फार वेदना झाल्यास प्रयोग थांबवावा लागतो. तरी जिल्ह्यातील सर्व गरोदर सुनांना प्रयोगशाळेतील उंदीर म्हणून तातडीनं मान्यता मिळावी, ही नम्र विनंती. पिंजऱ्यांचा खर्च पडणार नाही. ते आमच्याकडे आहेत."