काजलचं नाव

संघटनेच्या कार्यकारी मंडळातल्या दोन जागा रिकाम्या झाल्या, तेव्हा विदर्भातून एखादं चांगलं नाव सुचवायचं काम सुरभीच्या गळ्यात पडलं. जंगलं आणि जनावरं वाचवताना जंगलाकाठच्या माणसांचं काय होतं, याचा अभ्यास करणाऱ्यांची ही संघटना. मंडळी बहुतेक दिल्ली, बंगळुरू, पुण्याची. सुरभी वर्धेजवळच्या सिंदी मेघेत राहून आर्वीकडच्या गावांत हेच काम करत आली होती, म्हणून तिला नावं निवडणाऱ्या समितीत घेतलेलं. समितीचे प्रमुख धर्मेंद्र सर मूळचे वर्धेच्या एका व्यापारी घरातले, आता पुण्यात स्थायिक झालेले.

"या वेळी गावातलं कुणीतरी हवं," सर फोनवर म्हणाले. "आपणच आपल्याला किती वर्षं निवडत बसायचं?"

सुरभीला शोधायला लांब जावं लागलं नाही. काजल तिच्याबरोबरच काम करत होती. आर्वीकडच्या रोहणा गावची पोरगी, वर्धेत समाजकार्य शिकलेली, जिभेनं तिखट. रानडुकरांनी पिकं उद्ध्वस्त केली की गावातल्या बैठकीत वनखात्याच्या नावानं नुसता शिमगा व्हायचा. अशा वेळी काजल हळूच विचारायची, "काका, तारेत करंट सोडून शेजाऱ्याचा बैल कोनं मारला, तेबी सांगा ना." लोक आधी चिडायचे, मग खरं बोलायला लागायचे.

आणि गेल्या दिवाळीनंतर काजलची आई, आनंदाबाई, वावरात कापूस वेचताना वाघाच्या हल्ल्यात गेली होती. तेरवी झाली आणि काजल कामावर परतली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, सुरभीनंही कधी विचारलं नाही.

"तुझं नाव मंडळासाठी पाठवू का?" सुरभीनं विचारलं तेव्हा काजल लाजली होती. "पाठवा ना ताई. पण मले कोन घेते?"

सुरभीनं शिफारस लिहायला घेतली. काजलचं काम, तिची समज, सगळं लिहून झालं तरी मजकूर कोरडा वाटत होता. मग तिनं आनंदाबाईंबद्दल लिहिलं आणि हात आपोआप चालत गेला. पाठवल्यावर तासाभरातच सरांचा फोन आला.

"सुरभी, सगळे हलून गेलेत. आई वाघानं नेली आणि मुलगी संवर्धनाच्या बाजूनं उभी! तिचा त्या शेतात एखादा फोटो मिळेल?"

"विचारते," सुरभी म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती रोहण्याला गेली. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग जवळजवळ छताला टेकलेला. त्याला पाठ लावून काजलचे वडील रूपराव बसले होते. पोरीनं कानावर घातलेलं असावं, कारण सुरभीनं चप्पल काढायच्या आतच ते सुरू झाले.

"मॅडम, वाघवाल्यायच्या मंडळात माही पोट्टी काऊन पाह्यजे तुम्हाले? माह्या घरच्या लक्ष्मीले खाल्लं त्यानं. अन् तुम्ही त्यालेच वाचवून राह्यले."

"बाबा, मी वाघाचं सांगाले नाई जाऊन राह्यली. आपलं सांगाले जाऊन राह्यली," काजल आतून चहा घेऊन येत म्हणाली.

"आपलं कोन आयकते?" रूपराव उठले आणि बैलांकडे निघून गेले.

फोटोचा विषय कसा काढावा, ते सुरभीला सुचेना. शेवटी तिनं सांगून टाकलं. काजलनं चहाचा कप खाली ठेवला.

"फोटो वावरातच काऊन?" तिनं विचारलं. "दाखवा बरं, तुम्ही काय लिहिलं."

सुरभीनं मोबाइल पुढे केला. काजल सावकाश वाचत गेली. एका जागी थांबली, तेवढंच पुन्हा वाचलं आणि मोबाइल परत दिला.

"ताई, माय जिती असती तर माह्यं नाव पाठवलं असतं तुम्ही?"

'हो' म्हणणं सोपं होतं. पण तीन वर्षं लोकांच्या ओसऱ्यांवर बसून दोघी खरं काढायचंच काम करत आल्या होत्या. समोरच्या माणसानं खोटं सांगितलं, की ते काजलला त्याच्या नजरेवरून कळायचं.

"या वर्षी नसतं पाठवलं," सुरभी म्हणाली. "तू अजून नवी आहेस. दोन-तीन वर्षांनी नक्की पाठवलं असतं."

काजल बराच वेळ कापसातली एक सरकी बोटांनी सोलत राहिली.

"मंग मायचं काढून टाका. माह्यं राहू द्या."

"मग कदाचित होणार नाही, काजल."

"नाई झालं तं नाई झालं."

सुरभीनं तो मजकूर काढून शिफारस पुन्हा पाठवली. सर वैतागले. "अगं, गाभाच काढलास तू. आता उरलं काय? तीन वर्षांचा अनुभव. असे उमेदवार ढिगानं आहेत."

"सर, तुम्हाला गावातला माणूस हवा होता की गावातलं दुःख?"

"खोटं कशाला बोलू?" सर म्हणाले. "दोन्ही हवं होतं. आणि लिहिलं तर तूच होतंस ना?"

पंधरवड्यानं नावं ठरली. दोघंही प्राध्यापक, दोघंही चांगली माणसं. काजल त्यांत नव्हती.

हे फोनवर सांगणं बरं नव्हे, म्हणून सुरभी पुन्हा रोहण्याला गेली. काजलनं ऐकून नुसती मान हलवली. भडकले ते रूपराव.

"काऊन नाई घेतलं? माह्या पोरीत काय कमी हाये? गावात कोनाची पोरगी शिकली एवढी?" त्यांचा आवाज चिरकला. "मी सरपंचाले सांगून बसलो ना, का काजल दिल्लीवाल्यायच्या मंडळात जाऊन राह्यली म्हनून!"

ते कधी बदलले आणि कुणाकुणाला सांगून बसले, हे सुरभीला ठाऊकच नव्हतं. ती काही बोलणार, तोच काजल म्हणाली, "जागा कमी होत्या, बाबा."

स्कूटीपर्यंत काजल सोडायला आली.

"ताई, बाबाले खरं नका सांगजा कधी."

"का गं?"

"मायच्या नावानं भेटत होतं अन् मीच नाई म्हनलं, हे त्यायले समजलं तं ते मले माफ नाई करनार. त्यायले वाटते, माय फुकट गेली." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मले तरी कुठं समजून राह्यलं, मी बरोबर केलं का चूक ते."

सुरभीनं तिचा हात धरला. काजलनं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

सोमवारी काजल कामावर आली. एरवी ती रोहण्याच्या फाट्यावर सुरभीच्या स्कूटीवर मागे बसायची आणि रस्ताभर बडबडायची. त्या दिवशी ती एसटीनं आधीच गावात पोचली होती. एका घराच्या ओसरीवर बसून कुणा बाईचं म्हणणं ऐकत होती. सुरभीला पाहून तिनं सरकून जागा दिली आणि बाईला म्हणाली, "हं मावशी, सांगा, मंग काय झालं?"