मागच्या माणसाची सीट

ब्रेड कापायची विजेची सुरी फोममध्ये लोण्यात शिरावी तशी चालते.

व्हर्लिनच्या डाव्या बुटाची नाडी आता आर्डिस बांधते.

चामडं शेवटी. त्याला एकदा सुई लागली की भोक कायमचं.

"मी काय बटाट्याचं पोतं आहे?" बांधायचा पट्टा पाहून व्हर्लिन.

तीन चाकांची मोटरसायकल वळणावर कलत नाही.

*

हिवाळ्यात व्हर्लिन बीट्झला झटका आला आणि त्याची डावी बाजू लुळी पडली. तोवर मोटरसायकलवर कायम तो पुढे आणि बायको मागे. आता बायकोने, म्हणजे आर्डिसने, हँडल हातात घेतलं, गाडीला मागे दोन चाकं बसवून घेतली आणि नवऱ्याला माझ्या दुकानात आणलं. मी ब्लॅक हिल्सच्या पायथ्याशी खोगिरं शिवायचे. हल्ली बहुतेक मोटरसायकलच्या सीटा शिवते. गिऱ्हाईक बसतं, फेरी मारून येतं, कुरकुरतं, मी फोम कापते. ढुंगण गप्प होईपर्यंत हेच.

आर्डिसने मला बाजूला घेतलं.

"नोला, आज तो नीट बसून राहिला तर ठीक. नाहीतर मी गाडी विकते. मला नवरा रस्त्यात सांडायचा नाहीये."

"आणि तो काय करणार?"

"खिडकीत बसेल. बसलेलाच आहे. पाखरांवर खेकसतो."

आतून आवाज आला, "ऐकू येतंय मला. झटका कानाला नाही आला."

*

मी सीटच्या दोन्ही कडा वर आणल्या, डावी जास्त. उजव्या वळणावर ट्राइक, म्हणजे ही तीनचाकी, माणसाला डावीकडे फेकते, आणि त्याची लुळी बाजू तीच. डाव्या वळणाची मला काळजी नव्हती. तिथे तो उजवीकडे जाणार, आणि उजवा हात धडधाकट.

मी पिकअप घेऊन त्यांच्या मागे निघाले.

उजवं वळण छान गेलं. धान्याच्या कोठारापाशी डावं वळण आलं आणि व्हर्लिन डावीकडे गेला. गेला तो गेलाच. कडेवरून ओणवा होऊन लोंबत राहिला. आर्डिसने गाडी थांबवली. आम्ही दोघींनी त्याला सरळ केलं. तिने हातमोजे काढून टाकीवर ठेवले, गाडी विकून टाकल्यासारखे. ते मला अजिबात आवडलं नाही.

"व्हर्लिन," मी म्हटलं, "गाडीने तुला पाडलं नाही. तू आपणहून कललास. वळण यायच्या आधीच."

"मग? वळण आलं की कलायचं असतं. तुला कुणी शिकवलं नाही?"

"ही कलत नाही रे, म्हाताऱ्या!" आर्डिस ओरडली. "हिला तीन चाकं आहेत!"

"तो तिचा दोष आहे."

आम्ही तिघंही हसलो. आर्डिस सगळ्यात आधी थांबली.

*

अशी खोड एका दुपारी सुटत नाही. सीट बदलणं सोपं.

कलू दे त्याला. फक्त परत वर येता आलं पाहिजे.

"खोगिराला असते तशी मूठ लावते पुढे," मी म्हटलं. "उजव्या हाताने धर."

व्हर्लिनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला झबलं घालायला सांगितलं होतं.

"मूठ पर्यटक धरतात, नोला."

तो गुरांच्या रँचवर वाढलेला, तिथे खोगिराची मूठ फक्त नवखे धरतात. मीही. मला कळायला हवं होतं.

म्हणून मूठ नाही. डाव्या कुल्ल्याखाली बोटभर जाड कडक फोम घातला, म्हणजे कलताना चढ लागेल. आणि उजव्या मांडीच्या बाहेर, खालच्या अंगाला, जाड दोराची गुंडाळी शिवली. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. ती धरलेला हात नुसता मांडीशेजारी ठेवल्यासारखा वाटतो.

त्याने चाचपून पाहिली.

"हे काय आहे?"

"शिवण."

"जाड शिवण आहे."

"माझी तशीच असते."

*

दुसरी फेरी. कोठार. डावं वळण.

तो कलला. अर्ध्यात अडला. उजवा खांदा ताठ झाला आणि तो हळूहळू, दोर ओढून बादली विहिरीतून यावी तसा, वर आला.

पुढचं डावं वळण. पुन्हा तसंच, जरा लवकर.

मग माझ्या दुकानाचा फाटा आला आणि आर्डिस वळलीच नाही. सरळ निघून गेली. मी फाट्यावर पिकअप थांबवली, इंजिन बंद केलं आणि त्यांची वाट पाहत बसले.

ते परत आले तेव्हा व्हर्लिनच्या मांडीवर चर्चच्या विक्रीतून घेतलेला कूखन केकचा डबा होता. केक चेपला होता, पण सांडला नव्हता.

"बाई ब्रेक फार मारते," तो म्हणाला.

"मागे बसणाऱ्याने बोलायचं नसतं," आर्डिस म्हणाली. "मी कधी बोलले?"

"रोज!"

तिने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते.

"नोला, चामडं कुठल्या रंगात आहे तुझ्याकडे?"

"काळं," व्हर्लिन म्हणाला. "दुसऱ्या रंगाचं असतं का?"

चामडं भिजवून, ताणून, मी दोन्ही सीटांवर चढवलं. काळं.

व्हर्लिनने पहिली मोटरसायकल एकोणिसाव्या वर्षी घेतली. तिला मागची सीट नव्हती. हिला आहे, आणि ती त्याची आहे.