टेबलावरचे ओरखडे

शिरगावात खाणीचे ट्रक गेले की आमच्या काचेच्या टेबलावर तांबडी धूळ बसते. ती कोरडी पुसली तर काच ओरखडते. आधी पाणी मारावं लागतं. घरकाम करणारी चंद्रावती हे सगळ्यांना सांगून थकली होती.

आज सून ऋतिका तिच्यावरच कडाडली, "काच खरवडलीस! उद्यापासून येऊ नकोस."

"बाय, सुकं फडकं मी कधी लावलं?"

मला संताप आला. पुस्तक ठेवण्याआधी पंच्याने टेबल कोरडं पुसणारा मीच. तरी जीभ उचलेना. पण चंद्रावती चपला घालू लागली तेव्हा मी ओरडलोच, "न विचारता माणसाला घालवतेस? ओरखडे माझे आहेत. मला घालव!"

चंद्रावती माझ्यावरच उखडली, "मग आबा, इतका वेळ तोंडात काय धरलं होतं?"