पंप वाजला, न्हाई वाजला

"न्हाई वाजला," अभिमन्यू म्हणाला. "नवा पंप डेड हाय. वापस पाठवा."

आणि मी तर माझ्या या कानांनी ऐकलं होतं! विजयसिंहानं चावी फिरवली तशी त्याच्या मोटारसायकलच्या टाकीच्या पोटातून बारीक 'झूंऽ' आली आणि क्षणात थांबली. अभिमन्यूच्या दुकानाच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्यानंसुद्धा एक कान उभा केला. विजयसिंह माझ्याकडे बघू लागला, मी कुत्र्याकडे. एवढे साक्षीदार हजर असताना हा माणूस सरळ नाही म्हणतो?

गाव मला थापाड्या म्हणतं. म्हणू दे. पण थाप मारायची तर आधी खरं काय ते ठाऊक असावं लागतं, म्हणून मला चौकशीची लई खाज. मी बाकडं पुढं ओढलं.

गाडी होती रामकिसनरावांच्या विजयसिंहाची. परदेशी मोटारसायकल, तिला सुपरचार्जर. म्हणजे इंजिनात हवा दामटून भरणारा पंखा. ती पहिल्यांदा आमच्या नेकनुरातून गेली त्या दिवशी कोंबड्यांनी शिरूर कासारला जाऊन अंडी घातली, हे मी अनेकांना सांगितलं आहे. तर ही गाडी उभ्या उभ्या झकास चालायची. लिंबागणेशच्या रस्त्याला लागून मूठ पिळली की गचके खाऊन बसायची.

"शेतातल्या तुषार सिंचनावानी हाय हे," अभिमन्यूनं त्याला समजावलं होतं. "एक नोझल चालू आसलं की पानी उडतंय. समदं शिवार उघडलं की मोटर दम सोडती. तुमचा पंखा हवा लई कोंबतो, त्येवढं पेट्रोल टाकीतल्या जुन्या पंपाला पुरवनं होईना."

म्हणून मागवलेला नवा पंप आज टाकीत बसवला होता. चावी फिरवली की पंप थोडा वेळ चालून नळीत पेट्रोल भरतो. तो आवाज आला की काम झालं. आवाज आला होता, आणि काम झालं नव्हतं.

आता अभिमन्यू म्हणजे कोण, ते सांगतो. पाण्यातल्या मोटारी भरणारा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणारा; हात मात्र कुठल्याही यंत्राला लावतो. बोरमधली मोटर वर काढायची तर अख्खा दिवस जातो, घरातली सगळी माणसं पाइप ओढायला लागतात. म्हणून आमच्याकडं रीत अशी, की आधी अभिमन्यूला बोलवायचं. तो पाइपाला पान्हा टेकवणार, पान्ह्याला कान लावणार आणि सांगणार, काढा किंवा राहू द्या. त्यानं 'राहू द्या' म्हटलेली मोटर कुणी काढल्याचं मला आठवत नाही. खालचा बेडूक नर की मादी हेही तो सांगतो, ही मात्र माझी भर.

असा माणूस खोटं का बोलेल? पोराला फसवायला? त्याचा तो स्वभाव नव्हे. पंपात खरंच काही खोट, जी आम्हाला कळेना? त्याच्या बायकोनं, मंगलनं, आतून चहा आणून ठेवला. अभिमन्यू पाठमोरा पान्हे शोधत होता. मी त्याच्या पाठीमागं जाऊन, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "अभ्या, तुझ्या चहात पाल पडली बे."

तो वळला. कप उचलला. फुंकर मारून प्याला.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी बोलताना हा अलीकडं माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचा. मला वाटायचं, उभ्या नेकनुरात एकटा हाच माझ्या गोष्टी मन लावून ऐकतो. मंगल दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघून हळूच हात जोडले.

"काका," विजयसिंह म्हणाला, "मला तर आवाज आलता."

"डीपीचा," मी मध्येच तोंड घातलं. "आरं, त्या रस्त्यावरच्या लाइटीच्या डीपीत मधमाश्यांनी पोळं केलंय. लाइट आली की समद्या एका सुरात घुमत्यात, गेली की गप. त्यांचा मध खाल्ला तर जिभेला करंट बसतो. मला बसलाय!"

"काय सांगता तात्या!"

"जाऊन हात लावून बघ."

पोरगं हसलं, पण पटलं त्याला. पंप परत पाठवायला त्यानं खोकं उचललं. अभिमन्यू मात्र माझ्या ओठांवरून नजर काढत नव्हता. मी बोलायचा थांबलो तरी बघत होता.

"ठेवा ते खोकं," तो म्हणाला. "तात्याची थाप हाय. पंप वाजला आसंल. हाताला काय लागलं न्हाई म्हून डेड म्हनलो. मला ऐकू येत न्हाई."

"म्हंजी?"

"दोन्ही कान गेले. उन्हाळ्यापासून."

विजयसिंह गडबडला. "पन उद्या तुमी आमच्या बोरवर येनार हाव ना? बाबांनी मोटर बगायला..."

"उद्या दुसरं कुनी बगा."

"आवो," मंगल पुढं झाली, "कावून सांगितलं?"

"चांगला पंप वापस धाडू व्हय?"

मग त्यानं ठिबकच्या फिल्टरवर असतं ते प्रेशरचं गेज काढलं, नळीला जोडलं, आणि विजयसिंहाला बोटानं खूण केली. चावी फिरली. टाकीतून झूं आली. काटा उठला, थरथरला आणि जागेवर थांबला. अभिमन्यूनं काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसून पुन्हा बघितलं.

"जावा. लिंबागणेशच्या रस्त्यानं. मूठ पार पिळा."

गाडी सुटली. बाजारातली माणसं वळून बघायला लागली. अभिमन्यू रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. गाडी पुलाच्या वळणाआड गेली, तिथून पुढं नुसती तिच्या पंख्याची शिट्टी उरली. चढाला ती शिट्टी वर चढत गेली. जिथं गाडी गचके खायची ती जागा आली.

अभिमन्यू माझ्या तोंडाकडं बघत होता.

आयुष्यात मी माझा चेहरा हवा तसा वापरला आहे. त्या वेळी मी चेहऱ्याला हात लावला नाही, होता तसा राहू दिला. ऐकत उभा राहिलो. शिट्टी तुटली नाही. चढ ओलांडून पलीकडं गेली, बारीक झाली, आणखी बारीक झाली. ती पुरती विरेपर्यंत त्यानं माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही.

मग त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि एकेक बोट पुसायला लागला.