दोन धारांमधला वेळ

सहादेवने जेवता जेवताच निकाल लावून टाकला. "दिवाळीच्या आत चारी गाया घोडेगावच्या बाजारात न्यायच्या. पोरीचं बारावीचं वरीस हाय. शेन काढीत बसली तर डाक्तर सोडा, कंपौंडर बी व्हायची न्हाई."

निमित्त होतं दिशाच्या पहिल्या चाचणीचं. रसायनशास्त्रात ती काठावर पास झाली होती आणि भौतिकशास्त्रात काठही हुकला होता. दहावीला शाळेत पहिली आलेली पोर. तिचे मार्क सहादेवने खताच्या दुकानदारापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना न विचारता सांगितले होते, त्यामुळे आता तोंड दाखवायची पंचाईत झाली होती. पंचाईत झाली की काही माणसं आधी दुसऱ्याच्या वस्तूचा बळी देतात. सहादेव त्यातलाच, कारण गाया त्याच्या नव्हत्या. त्या त्याच्या बायकोच्या, सविताच्या होत्या.

पहिली गाय सविताने माहेराहून कालवड म्हणून आणली होती. पुढच्या तिघी तिने दुधावरच उभ्या केल्या. डेअरीचं खातं तिच्या नावावर होतं आणि दर दहा दिवसांनी त्यात दुधाचा पगार जमा व्हायचा. घरातला पंखा, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, दिशाचा कॉलेजचा पास, सगळं त्यातून झालेलं. शेळके वस्तीवर काही ठरवायचं असलं की बायकांना कुणी विचारत नसे, सविताला मात्र विचारत. त्या रात्री तिच्याच घरात तिला कुणी विचारलं नाही. तव्यावरची भाकरी तेवढी करपली, आणि सविताच्या हातून भाकरी करपलेली त्या घराने कधी पाहिली नव्हती.

दिशाने हातातला घास ताटात ठेवला. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं आणि त्यापायी आईचीच जनावरं जाणार होती.

"आप्पा, सहामाहीपर्यंत थांबा," ती म्हणाली. "मार्क आले न्हाईत तर मीच दावी सोडून गाया गाडीत चढवते."

"बगा हिचं!" सहादेव आपल्या आईकडे बघून म्हणाला. गोजरबाई शांतपणे म्हणाली, "तुजीच लेक हाय. थांब म्हनती तर थांब की."

"बरं. सहामाही. त्याच्या फुडं एक दिस न्हाई."

आता अभ्यास वाढवायचा म्हटल्यावर आजकालची पोरं जे करतात तेच दिशाने केलं. तिने मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. त्यात एक गोरागोमटा मुलगा गार खोलीत बसून पहाटे चारला कसं उठायचं ते समजावत होता. त्याच्यामागे भिंतीवर रंगीत वेळापत्रक होतं. दिशाने तस्संच केलं, प्रत्येक विषयाला वेगळं स्केचपेन. कायम डोळ्यांसमोर राहावं म्हणून कणकेची खळ करून ते गोठ्याच्या भिंतीवर चिकटवलं, कारण दिवसाचा निम्मा वेळ तिचे डोळे गोठ्यातच असायचे.

व्हिडिओतल्या मुलाच्या घरी शेतीची लाईट नव्हती. वस्तीवर ती एक आठवडा दिवसा येते आणि एक आठवडा रात्री. लाईट असेल तेव्हाच चारा कापायची कडबाकुट्टी चालणार आणि तेव्हाच मोटर. त्यामुळे वेळापत्रकात 'रसायन' लिहिलेलं असे तेव्हा दिशा कुट्टीत मका सारत असे, आणि 'झोप' लिहिलेलं असे तेव्हा आप्पांना बॅटरी धरून उभी असे. दिवसभर हाका चालूच. दिशा, मॅडमला पाणी दाखव. दिशा, मॅडमच्या अंगावर ऊन आलं, सावलीला बांध.

मॅडम म्हणजे चौघींतली सगळ्यात उंच, काळीपांढरी गाय. ती विकत आणली त्या दिवशी टेम्पोतून उतरायलाच तयार नव्हती, आणि उतरल्यावर सगळ्या गोठ्याकडे अशा नजरेने बघत राहिली की गोजरबाईने तिचं नाव मॅडम ठेवलं. या मॅडमने चौथ्या दिवशी मान लांब करून भिंतीवरची खळ चाटून पाहिली. चव आवडली असावी. दिशा येऊन बघते तर सोमवारपासून शुक्रवारपर्यंतचा अभ्यास मॅडमच्या पोटात, आणि भिंतीवर अर्धा रविवार.

गोजरबाई हसून हसून बेजार झाली. "बाई गं, तुजा समदा अब्यास हिनंच क्येला की!"

दिशाही आधी हसली आणि मग वैरणीच्या ढिगावर बसून रडली. कागद गेल्याचं दुःख नव्हतंच. त्या कागदातली एकही ओळ आपल्याच्याने पाळली गेली नाही, हे ती कुणाला सांगणार होती? गाया जाणार, असं तिला तेव्हा पहिल्यांदा खरोखर वाटलं.

पुढच्या रविवारी घरची सगळी बाजरीच्या काढणीला गेली. दिशा ओट्यावर गणित घेऊन बसली होती. तेवढ्यात दिसलं की मॅडमचं दावं सुटलंय. हे एक उदाहरण होऊ दे, मग बांधते, असं म्हणून तिने मान खाली घातली. उदाहरण सुटलं. त्या आनंदात पुढचं घेतलं, तेही सुटलं. बऱ्याच वेळाने तिने वर पाहिलं तर मॅडम हौदावर जाऊन पाणी प्यायली होती, ढिगातली वैरण हवी तेवढी खाऊन झाली होती आणि आता लिंबाच्या सावलीत बसून ती निवांत रवंथ करत होती. बांधलेल्या तिघी मात्र उन्हात उभ्या राहून दिशाच्या नावाने हंबरत होत्या.

दिशा बघतच राहिली. गाईला चार पाय असतात हे शेतकऱ्याच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. पण आपण आधी त्या पायांना खुंट्याला बांधतो आणि मग त्यांच्या वाटचं आपण चालत बसतो, हे तिला आज दिसलं. पाण्याच्या बादल्या, उन्हातून सावलीत नेणं, खुंट्यांच्या मधलं शेण दिवसातून तीनदा ओढणं. तिचा वेळ झोपेत किंवा मोबाईलमध्ये जात नव्हता, तो त्या दाव्याला बांधलेला होता.

संध्याकाळी तिने विषय काढला. मुक्त गोठा करायचा. कुंपण घालायचं आणि गाया मोकळ्या सोडायच्या, सोनईच्या रस्त्याला एकाने केलाय तसा.

"येडी का खुळी?" सहादेव उसळला. "मोकळ्या गाया एकमेकीची शिंगं मोडत्याल. पोटं फाडत्याल. लोक हसत्याल ते येगळंच."

"आप्पा, एकदा करून तर बघू."

"न्हाई म्हनलं ना!"

"गाया माज्या हायत," सविता म्हणाली. आवाज वर गेला नव्हता. "उद्या सोडायच्या."

करपलेल्या भाकरीनंतर या विषयावर ती पहिल्यांदाच बोलली होती. सहादेव रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त खाऊन उठला. सकाळी मात्र पहार घेऊन खड्डे खणायला तोच पहिला. "मी करून देतो, पर मोडल्या शिंगाला मी जबाबदार न्हाई," असं प्रत्येक खड्ड्याला बजावत त्याने अख्ख्या वस्तीत नव्हतं इतकं सरळ कुंपण घातलं.

गाया सोडल्या आणि सहादेवचं म्हणणं लगेच खरं ठरू लागलं. मॅडम आणि चौघींतली तांबडी डोक्याला डोकं लावून भिडल्या. धुरळा उठला, पाण्याची टाकी कलंडली, शेजारची माणसं कुंपणाला ओठंगून तमाशा बघायला जमली. "म्हनलो नव्हतो?" सहादेव ओरडत होता. काठी घेऊन आत उभी होती ती सविता, पण काठी तिने एकदाही उगारली नाही.

"त्यांचं त्यांना ठरवू द्या," ती म्हणाली. "चार सासवा एका घरात आल्यात. येळ लागंल."

दिवस मावळायच्या आत ठरलं. पाण्यावर पहिला मान तांबडीचा. मॅडमने दोन पावलं मागे सरून मुकाट्याने दुसरा नंबर घेतला. त्यानंतर पुन्हा शिंगाला शिंग लागलं नाही आणि शेजारची माणसं हिरमुसून घरी गेली.

आता दिशाला चेव आला होता. रोजची कुट्टी हा दुसरा खुंटा होता आणि तोही तिला उपटायचा होता. मका चिकात आला होता, दाणा दुधाळ होता. तिने आप्पांच्या मागे लागून एकाच दिवशी सगळा मका कापायला लावला, भाड्याच्या मशीनवर बारीक करून घेतला आणि मोठाल्या पिशव्यांत मुरघास, म्हणजे रोज कुट्टी न करता महिनोन्महिने पुरणारा मुरवलेला चारा, भरायला घेतला. सगळं घर पिशव्यांत उतरून अनवाणी पायांनी नाचत होतं. गोजरबाई खाटेवरून हुकूम सोडत होती. "दाब! आनखी दाब! लोनच्याची बरनी बी अशीच भरत्यात, वारा ऱ्हाता कामा न्हाई." सहादेव नाचता नाचता घसरून आडवा झाला आणि चाचणीच्या निकालानंतर पहिल्यांदाच घरात सगळे मिळून हसले.

मुरायला दीड महिना लागणार होता. तोवर लाईट आली की दिशा दोन-दोन दिवसांच्या गवताची कुट्टी एकदम करून ठेवू लागली. भिंतीवर तिने पुन्हा काही चिकटवलं नाही. दिवसात न हलणाऱ्या गोष्टी दोनच होत्या, सकाळची धार आणि संध्याकाळची धार. गाय कुणाच्या सोयीसाठी थांबत नाही. म्हणून तिने त्या दोन्हींना धरूनच दिवस लावला. सकाळची धार झाली की कॉलेजची एसटी येईपर्यंत रसायन, कारण तेच सगळ्यात नकोसं. कॉलेजातून आल्यावर संध्याकाळच्या धारेपर्यंत भौतिकातली उदाहरणं. धारेनंतर हलकंफुलकं, आणि मग पोटभर झोप. धार काढताना सूत्रं मोठ्याने म्हणायची. महिन्याभरात सविताला बेन्झीन पाठ झालं. दिशा अडखळली की शेजारच्या कासेखालून आवाज यायचा, "सी सिक्स एच सिक्स. फुडं चल."

दोन धारांमधल्या वेळाची राखण गोजरबाईने आपणहून घेतली. दारात बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "पोरगी कामात हाय." सहादेवने एकदा आतून पाणी मागितलं तर म्हणाली, "गाया हातानं पानी पित्यात सहादेवा. तू बी शिक."

पहिली पिशवी फोडली तेव्हा आंबटगोड वास सुटला आणि गाया धावत आल्या. त्याच आठवड्यात सहामाही सुरू झाली. दिशा पेपरला गेली तेव्हा तिच्या हातांना मुरघासाचा वास येत होता आणि डोळ्यांवर झोप नव्हती.

निकालाच्या दिवशी दुपारी छगन व्यापारी पिकअप घेऊन वस्तीवर हजर झाला. सहादेवनेच त्याला श्रावणात सांगून ठेवलं होतं. मधे नको म्हणायचं राहून गेलं की त्याने मुद्दाम राहू दिलं, ते त्यालाच माहीत. छगन कुंपणात शिरला, गायांच्या पाठीवरून हात फिरवला, कासा पाहिल्या आणि चकित झाला. "सहादेवराव, ह्या त्याच गाया? अंगाला शेनाचा डाग न्हाई. दूध बी वाढलं आसंल." आणि घासाघीस करण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या छगनने विचारायच्या आत स्वतःच भाव चढवून सांगितला.

सविता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सहादेव रस्त्याकडे बघत होता.

एसटी थांबली. दिशा उतरली आणि पळतच सुटली. दप्तर पाठीवर आपटत होतं, एक चप्पल मागे राहिली.

"आप्पा! रसायनात वर्गात पहिली!"

"आन् भौतिक?" सहादेवचा आवाज चिरकला.

"सत्तरपैकी एकसष्ट!"

सहादेवने खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. काढला तेव्हा तो छगनकडे वळून म्हणाला, "ऐकलं का? रसायनात पैली. चार गाया सांभाळून." मग तेच पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने सांगितलं. छगन तिथेच उभा होता, त्याला दोन्ही वेळा नीट ऐकू आलं.

"लई ब्येस झालं," छगन म्हणाला. "मग गायांचं कसं करायचं?"

"मला काय इचारता? मालकीन ही हाय."

सविता डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे आली. डोळे पुसायचं तिने मनावर घेतलं नव्हतं, पाणी तसंच गालावर होतं.

"छगनभाऊ, ह्यातली एक बी इकायची न्हाई. पर तुमची खेप वाया नको. फुडच्या बाजाराला एखादी चांगली गाभन कालवड नजरंत भरली तर सांगा. मला घ्यायची हाय."

"घ्यायची?" छगन आणि सहादेव एकदमच म्हणाले.

"अगं, पाचवी?" सहादेव गडबडला. "हिची बोर्डाची परीक्षा तोंडावर..."

"घे आई," दिशा धापा टाकत म्हणाली. "मला येळ हाय."

छगनने कपाळावर हात मारला, चहा घेतला आणि आला तशी रिकामी पिकअप घेऊन निघाला. गाडी वळणाआड जायच्या आत सविता कुंपणाशी पोचली होती. पाचवीसाठी तार कुठवर सरकवायची, ते ती सहादेवला हाताने दाखवत होती.